मदत हवी आहे: गायीचे भ्रूण ८ ते १६ पेशींवर थांबतात

पीएचडीचा विषय उष्णतेचा ताण आणि गायीची बीजांडं. कत्तलखान्यातल्या अंडाशयांतून काढलेली बीजांडं ३८.५ अंशांवर २४ तास परिपक्व करतो. नियंत्रण गटातही (उष्णतेचा ताण न दिलेल्या) फलनानंतर विभाजन नीट होतं, पण ८ ते १६ पेशींवर बहुतेक भ्रूण अडतात, ब्लास्टोसिस्ट (पुढच्या टप्प्यातले पोकळ भ्रूण) फारच थोडे. (भ्रूणाची स्वतःची जनुकं याच टप्प्यावर जोमाने कामाला लागतात, म्हणून गडबड तिथेच असावी असा संशय येतो.) वेगळ्या वळूचं वीर्य, वाढीच्या माध्यमाची नवी बॅच, इनक्युबेटरचं तापमान, सगळं तपासून झालं. ऑक्सिजन मात्र हवेइतकाच, सुमारे २० टक्के; तोच जास्त होत असावा असं वाटतं. ट्राय-गॅस इनक्युबेटर (ज्यात ऑक्सिजन कमी ठेवता येतो) नाही आणि मिळणारही नाही. मार्गदर्शक विषय बदला म्हणतात, मला ती घाई वाटते. बंद डब्यात मिश्र वायू भरून ५ टक्के ऑक्सिजन ७ दिवस कोणी टिकवला आहे का? वायू किती वेळाने बदलता?