दोन वर्षं भरली की सिस्टर निघतात. कारण नुसता पगार?

कारभारी_८०: ८० खाटांचं खासगी हॉस्पिटल. आयसीयूतल्या सिस्टर दोन-अडीच वर्षांत राजीनामा देतात आणि आखात, इंग्लंड नाहीतर जर्मनी गाठतात. पगार वाढवला तर थांबतील का? जॉइनिंगला बाँड घेऊन मूळ सर्टिफिकेटं ठेवून घेतली तर चालतं का?

नाइटचार्ज: सर्टिफिकेटांचं आधी. नाही चालत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने २०११मध्येच बाँडची पद्धत बेकायदा ठरवली आहे. कागद अडकवणाऱ्या हॉस्पिटलचं नाव नर्सिंग कॉलेजांत वर्षभरात पसरतं, मग नव्या बॅचमधलं कुणी इंटरव्ह्यूलाही येत नाही.

दोन वर्षांचा आकडाही योगायोगाने आलेला नाही. आखातात स्टाफ नर्सच्या जाहिरातीत साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात, आणि आयसीयू, ओटी (ऑपरेशन थिएटर), डायलिसिसचा असेल तर भाव जास्त. म्हणजे तुमचं आयसीयू ही त्यांची पात्रता पुरी करायची जागा आहे. खासगी कॉलेजात चार वर्षं बीएस्सी नर्सिंग करताना काढलेल्या कर्जाचा हप्ता पहिल्या पगारापासून सुरू होतो, हेही धरा.

पगाराबद्दल: सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६च्या आदेशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने खाटांप्रमाणे पगार सुचवले होते. ५० खाटांच्या आत किमान २०,००० रुपये. ५० ते १०० खाटांना त्या राज्यातल्या सरकारी नर्सच्या पगारापेक्षा फार तर २५ टक्के कमी, १०० ते २०० खाटांना फार तर १० टक्के कमी आणि २००च्या वर बरोबरीने. तुम्ही दुसऱ्या गटात येता. तुमचा आकडा सरकारी पगाराशेजारी मांडून बघा, निम्म्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. अंमलबजावणी राज्यांवर सोडली होती, त्यामुळे बहुतेक ठिकाणी ती कागदावरच आहे.

वॉर्ड_नं_३: पगार वाढला तरी निघणाऱ्या निघतीलच. इंग्लंडच्या एनएचएसमध्ये, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बँड ५ची (नव्या नर्सच्या पगारश्रेणीची) सुरुवात २०२५-२६ला वर्षाला ३१,०४९ पौंडांनी होती. घरभाडं, कर वजा करूनही इथला खासगी पगार त्याच्या जवळपास जात नाही. तुमच्या हातात आहे ते कामाचं ओझं. नर्सिंग कौन्सिलच्या निकषात आयसीयूला एका रुग्णामागे एक नर्स लागते. प्रत्यक्षात तीन व्हेंटिलेटरना एक, आणि वॉर्डात नाइटला अख्ख्या मजल्याला एक सिस्टर आणि एक मावशी. त्यात चूक झाली की मेमो सिस्टरला. डबल ड्यूटीचे पैसे नाहीत, बदली रजा कधी मिळत नाही. लोक याला कंटाळतात, आणि परदेशी जाण्यासाठी आयईएलटीएसचा (इंग्रजीच्या परीक्षेचा) क्लास लावायचं ठरतं ते अशाच एखाद्या नाइटनंतर.

पासपोर्ट_फाइल: इंग्लंडची वाट थोडक्यात. इंग्रजीसाठी आयईएलटीएस ७, लेखनात ६.५ चालतं, किंवा ओईटीत (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) बी, लेखनाला सी प्लस. मग सीबीटी, म्हणजे नर्सिंगची संगणकावरची परीक्षा, ती भारतात देता येते. तिथे गेल्यावर ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, त्यात १० स्टेशन (टप्पे). पहिला प्रयत्न नोकरी लागल्यापासून १२ आठवड्यांत, आणि ८ महिन्यांत पास व्हायला हवं.

अडकतं कुठे? बहुतेक वेळा इंग्रजीच्या लेखनात, आणि त्याहून जास्त नावात. आपल्याकडे मार्कशीटवर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम वेगळा, आणि लग्नानंतर नर्सिंग कौन्सिलच्या नोंदीत अजून माहेरचंच आडनाव. कागद पडताळणीत फाइल तिथेच थांबते. लग्नानंतर गॅझेटमधली नावबदलाची नोंद, पासपोर्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंद तिन्ही एका नावावर आणून मगच अर्ज करावा.

आखाताकडे जाणाऱ्यांनी एजंट जपून निवडावा. परदेशी भरतीसाठी एजंटला कायद्याने फार तर ३०,००० रुपये आणि जीएसटी घेता येतो. २०१५मध्ये कुवेतच्या एका भरतीत मुलींकडून जवळजवळ २० लाख रुपये घेतल्याचं प्रकरण केरळात उघड झालं. त्याच वर्षी केंद्राने एमिग्रेशन क्लिअरन्स (नोकरीसाठी जाण्याआधी सरकारची परवानगी) लागणाऱ्या देशांतल्या नर्स भरतीला सरकारी एजन्सीची अट घातली. सुरुवातीला केरळ सरकारच्या नॉर्का रूट्स आणि ओडेपेक याच दोन एजन्सी होत्या.

कारभारी_८०: म्हणजे थांबवता येत नाही?

नाइटचार्ज: सगळ्यांना नाही. इंग्लंडचा ओढा सध्या कमी झालाय. २०२४-२५मध्ये तिथल्या नर्सिंग रजिस्टरवर परदेशातून नव्याने येणाऱ्या नर्स सुमारे ३० टक्क्यांनी घटल्या. पण जर्मनी, आखात चालूच आहे. तुम्ही एवढं करा: रोस्टर महिनाभर आधी लावा, डबल ड्यूटीचे पैसे त्याच महिन्याच्या पगाराबरोबर द्या, आणि रिलीव्हिंग लेटर (नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र) व अनुभवाचं सर्टिफिकेट शेवटच्या दिवशीच हातात द्या. हॉस्टेल असेल तर वायफाय आणि रात्रीची रिक्षा बघा, तक्रारी तिथूनच सुरू होतात. आणि तीन-चार सिस्टर जाणारच हे धरून दर सहा महिन्यांनी नव्या मुली आयसीयूत तयार करत राहा. एक सिस्टर सुटली की बाकीच्यांवर डबल ड्यूटी पडते, आणि पुढचा राजीनामा त्याच आठवड्यात येतो.