नवी एसएसडी लॅपटॉपला दिसतच नाही

लातूरकर: जुन्या लॅपटॉपात एम.२ एसएसडी (डेटा साठवायची चपटी पट्टी) बसवली. स्क्रू आवळला, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगांत) नावच नाही. दुकानदार म्हणतो, माल चांगलाय, तुमचं मशीन बघा. कामून दिसत नसंल?

परभणीकर: भाऊ, पट्टीच्या सोनेरी पिनांत खाच एक का दोन? एक असली तर बहुतेक एनव्हीएमई, दोन असल्या तर बहुधा साटा; ह्या डेटा पाठवायच्या दोन वेगळ्या पद्धती. जुन्या मशीनचे काही स्लॉट फक्त साटाच ओळखतात. पट्टी मात्र झकास बसते, तिथंच माणूस फसतो.

लातूरकर: एकच हाय.

नांदेडकर: मग मॉडेलचं मॅन्युअल बघा अन् स्लॉट साटाचाच निघाला तर बदलून साटाची पट्टी घ्या, दुकानदाराशी हुज्जत नको. नवी बायोसात दिसून विंडोजात नाही दिसली, तर विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमध्ये इनिशिअलाइझ (वापरायला तयार) करा, तिथं जीपीटी हा डिस्कच्या मांडणीचा प्रकार निवडा.