पहिलाच हिमालय ट्रेक, दयारा बुग्याल झेपेल काय? (कोल्हापूरहून चौघी आणि एक पोरगं)

रंकाळा_फेरी
नमस्कार मंडळी. वय ४४, नोकरी बसून करायची, पण रोज सकाळी रंकाळ्याला फेरी असते आणि गेल्या पावसाळ्यात पन्हाळा ते पावनखिंड केलं, दोन दिवस, चिखलात, शेवटी शेवटी डोळ्यात पाणी आलं पण केलं. तवापासनं मैत्रिणी मागं लागल्यात की आता हिमालय. सगळीकडं उत्तराखंडातला दयारा बुग्याल (बुग्याल म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण) सोपा सोपा म्हणून वाचायलोय, पण सोपा म्हणजे कुणासाठी हो? डावा गुडघा उतरताना कुरकुरतो. लेक ११ वर्षांचा आहे, तोही येतो म्हणतोय. सुट्टी एकतर मे नाहीतर दिवाळी. आणि तिथं म्हणे श्वास लागतो, गोळी घ्यायची असती, ते काय प्रकरण आहे?

घाटवाट_७७
ताई, पावनखिंड झालंय म्हणजे पायांची काळजी सोडा. दयाराला एका दिवसाचं चालणं त्याच्या निम्म्यानंही नसतं. पायथ्याच्या रैथल गावातनं पहिल्या दिवशी तीन-चार तास, तेही ओकच्या झाडीतनं सावलीत. आपल्याकडच्या माणसाला मारती ती चाल नव्हं, उंची. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर, रैथल सव्वादोन हजाराच्या आसपास, आणि बुग्याल ३,४०० च्या वर. तिथं हवेचा दाब इथल्या दोन तृतीयांशाच्या आसपास राहतो, त्यामुळं जो पन्हाळ्याला पळत चढतो तोच पहिल्या दिवशी गडबड करतो आणि रात्री डोकं धरून बसतो. आमच्या ग्रुपात जिमला जाणारं पोरगंच आडवं झालं होतं, ५८ वर्षांचे काका मात्र बिडी ओढत असल्यासारखे हळूहळू चालत सगळ्यांच्या आधी चहाला.
दिसायला कसं आहे विचाराल तर आपलं पन्हाळ्याजवळचं मसाई पठार उचलून अकरा-बारा हजार फुटांवर ठेवा, झाडं खाली संपलेली, नुसतं गवत लाटांसारखं, आणि कडेला बंदरपूंछ, ६,३१६ मीटर, पांढरा शुभ्र.
एक गोष्ट आधीच सांगतो म्हणजे नंतर नाराज होणार नाही. बुग्यालवर तंबू टाकून झोपायचं डोक्यात असेल तर काढा. २०१८ ला नैनीतालच्या हायकोर्टानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली, गवताची वाट लागायली होती म्हणून. मुक्काम खाली झाडीत, दिवसा वर जाऊन यायचं. नवख्याला हे उलट बरंच, वर चढून खाली झोपलं की शरीर लवकर रुळतं.

पांढरा_रस्सा
दिवाळीलाच जावा. मे महिन्यात चारधामची गर्दी असती, उत्तरकाशीच्या पुढचा रस्ता तोच गंगोत्रीचा, गाडीतच अर्धा दिवस जातोय. दिवाळीत आभाळ स्वच्छ, डोंगर आरशासारखे. फक्त गवत हिरवं नसतंय, पिवळं-तांबूस पडलेलं असतंय, फोटोत हिरवं बघून गेलात तर चिडचिड होईल. हिरवं पाहिजे असेल तर सप्टेंबर. आणि थंडी, रात्री बाटलीतलं पाणी गोठतंय. कॉटनचे बनियन अजिबात नकोत, घाम वाळत नाही आणि मग हुडहुडी.
जेवणाचं म्हणाल तर राजमा-भात, चपाती, मॅगी. कोरडा ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बरोबर न्यायची. आमच्या डब्यातला ठेचा गाईडनं एकदा चाखला आणि परत आमच्या पंक्तीला बसला नाही 😄

गुडघे_क्लब
घाटवाट यांनी चढायचं सांगितलं, मी उतरायचं सांगते कारण गुडघा माझाही तसलाच. मी वयाच्या ५१ व्या वर्षी केला. चढताना काही झालं नाही, शेवटच्या दिवशी उतारावर मात्र रडकुंडीला आले. दोन काठ्या घ्या, एक नव्हं, दोन, आणि आत्तापासनं जोतिबाच्या पायऱ्या उतरायचा सराव करा, चढायला पाहिजे तर गाडीनं जावा. बूट एक नंबर मोठा. मी नेमका बसणारा घेतला, उतारावर बोटं पुढं आपटून दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली, सहा महिने चप्पल घालून हिंडले. आणि नवीन बूट तिथं पहिल्यांदा घालायचा नाही, महिनाभर रंकाळ्याला घालून फिरा, लोक बघतील, बघू देत.
गोळीचं नाव डायमॉक्स. शेजारणीनं घेतली म्हणून आपण घ्यायची नाही, डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायचं. लघवी वाढते तिनं, रात्री थंडीत तंबूतनं बाहेर जावं लागतं हे कुणी सांगत नाही. डोकं दुखून उलटी व्हायला लागली तर लपवायचं नाही, लगेच गाईडला सांगून खाली. मुलांच्या बाबतीत हेच जास्त, ती बोलत नाहीत, नुसती गप्प होतात.

रंकाळा_फेरी
मंडळी लई आभार! नखांचं वाचून लेकानं बूट बदलायला लावले 😄 दिवाळी ठरली. कोल्हापूरहून दिल्लीला थेट गाडी आठवड्यातनं एकदाच आहे ना? तारीख जुळत नाही.

पांढरा_रस्सा
मिरजेहून गोवा एक्सप्रेस रोज आहे, निजामुद्दीनला उतरा, पुढं डेहराडून. रिझर्वेशन ६० दिवस आधी उघडतंय, दिवाळीचं सकाळी सकाळीच संपतंय, तेवढं लक्षात ठेवा. आणि उत्तरकाशीत पैसे काढून घ्या, पुढं मशीन हुडकत बसू नका.

गुडघे_क्लब
पोराला टोपी दोन द्या. एक हरवतेच.