छापचित्रांतली 'चित्रकला' बाई असते, हा बायकांचा सन्मान का?

तिरकी_रेघ:
काल इथे कुणीतरी दिदरो या फ्रेंच लेखकाच्या विश्वकोशाचं मुखचित्र टाकून लिहिलं, "१८व्या शतकात स्त्रीला केवढा मान!" तेव्हापासून डोकं फिरलंय. चित्रकार कोशँनं १७६४ला काढलेलं, प्रेव्होनं १७७२ला छापायला पत्र्यावर कोरलेलं, त्यात काव्य, संगीत, चित्रकला सगळ्या बायकांच्या रूपात, मान्य. आता चित्रकार झोफनीनं काढलेलं रॉयल अकॅडमी या लंडनच्या कलासंस्थेच्या सदस्यांचं चित्र बघा, अर्लमनं १७७३ला त्याचा छाप केलाय. १७६८च्या संस्थापकांत अँजेलिका कौफमन आणि मेरी मोझर या चित्रकार होत्या ना, मग त्यात कुठायत? भिंतीवर, फ्रेममधे. का तर खोलीत पुरुष मॉडेल उघडे आहेत. ढगात बसायला बाई चालते, वर्गात नाही.

वैयाकरण:
झालं सुरू. अहो फ्रेंच, इटालियनमधे कलांची नावंच स्त्रीलिंगी आहेत म्हणून बाई. यात कसला मान आणि कसला अपमान.

पाटी_पेन्सिल:
मग आपल्याकडे संगीत, काव्य, नृत्य सगळं 'ते', तरी वीणा सरस्वतीच्या हातात कशी?

वैयाकरण:
ती विद्येची देवता. 'विद्या' स्त्रीलिंगी आहे.

पाटी_पेन्सिल:
आणि १४ विद्या ६४ कलांचा गणपती?

वैयाकरण:
गणपतीला मधे आणायचं कारण नाही. अभ्यास नसला की लोक देवांवर येतात.

पाटी_पेन्सिल:
सरस्वतीचा अभ्यास तुम्हीच सांगितलात की आत्ता!

जुनी_फ्रेम:
तुमचं चालू द्या. आजेसासऱ्यांनी आणलेला असलाच एक छाप घरी होता, फ्रेमवाल्यानं काचेत बसेना म्हणून खालची पट्टीच कापली, आणि चित्रकार नि कोरणाऱ्याची नावं नेमकी त्या पट्टीवर. आता नुसती बाई उरलीय, गळ्यात मुखवटा, तोंडावर फडकं. कोण ही?

तिरकी_रेघ:
चित्रकला. रीपा या इटालियन लेखकाच्या रूपककोशात (कुठली कल्पना कुठल्या माणसाच्या रूपात काढायची ते सांगणारं पुस्तक) तिचं तोंड बांधलेलंच आहे. घ्या मान.

शाईचा_डाग:
चित्र मुकं असतं म्हणून बांधलंय हो, उगाच काहीही. आणि कौफमनचं विसरलात? अकॅडमीच्याच छतासाठी तिनं 'डिझाइन' म्हणजे रेखाटनकला काढली ती बाईच, आणि ती बाई समोर 'बेल्व्हेडेरचं धड' हा पुरुषाचा प्राचीन पुतळा ठेवून खुशाल रेखाटतेय. बार्तोलोझ्झीनं त्याचा छापही केला. रूपक वापरूनच कौफमननं टोला हाणलाय.

तिरकी_रेघ:
बरं बाबा, हा मार्क तुमचा. पण दगडाचं धड हं, जिवंत मॉडेल नाहीच. आणि कौफमन-मोझरनंतर अकॅडमीची पूर्ण सदस्य झालेली पुढची बाई लॉरा नाइट, १९३६ला. करा मोजदाद.

पाटी_पेन्सिल:
गणपतीचं उत्तर राहिलंय, वैयाकरणबुवा.