मदत हवी आहे: काळ्या मातीवरचं जुनं घर भाड्यासाठी घ्यावं का?

नमस्कार. सोलापुरात भाड्याने देण्यासाठी एक बैठं घर बघतोय. १९९४चं, लोड-बेअरिंग (म्हणजे खांब नाहीत, भिंतीच भार पेलतात), खाली काळी माती. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग वर गेलीय. वरच्या टोकाला रुपयाचं नाणं सहज आत शिरलं. मालक म्हणतात, नुसता गिलावा तडकलाय. पण बाहेरूनही त्याच जागी भेग आहे, त्यामुळे मला ते पटत नाही. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया हलायचा थांबलाय की अजून हलतोय, हे कसं ओळखायचं? भेगेवर काचपट्टी चिकटवून (भेग हलली की ती तडकते) किती महिने थांबावं? पाया मुरुमापर्यंत, म्हणजे काळ्या मातीखालच्या टणक थरापर्यंत, गेलाय का, हे बघायला कडेने खड्डा घेऊ द्यायला मालक तयार आहेत. तो स्ट्रक्चरल इंजिनिअरसमोरच खणावा का? उद्या तिथे कुणाचं तरी कुटुंब राहणार आहे, म्हणून घाई नको वाटते. अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.