पत्रकातली सुट्टीची ओळ – शुक्रवारी छपाई!!

प्रेषक: अनघा (पार्ले)
बुधवार, सकाळी ९.४० (मुंबई)

मंडळी,

अमेरिकेतल्या निवासी शाळांत मुलांना पाठवू पाहणाऱ्या पालकांसाठी आपल्या मंडळाची रविवारी बैठक आहे, तिचं पत्रक शुक्रवारी दुपारी छापायला जातंय. गाडी चौथ्या मुद्द्यावर अडली आहे. शरदकाकांनी दिलेली ओळ अशी: "सुट्ट्यांमध्ये मंडळातर्फे राहण्याची सोय होईल." मला ती तशीच्या तशी छापायची नाही. बोस्टनकडच्यांनी आज नेमकं सांगा: वसतिगृह कधी बंद असतं, तेव्हा मुलाने कुठे जायचं आणि आपण त्यात काय करू शकतो. मागच्या खेपेसारखं "बघू, होईल काहीतरी" नको.

येणाऱ्यांत नववीची मुलं जास्त आहेत, दोन-तीन आठवीतली. बाकीचे मुद्दे पक्के झालेत, ते कृपा करून पुन्हा उघडू नका.

अनघा

---

प्रेषक: मिलिंद (बोस्टन)
विषय: उत्तर: पत्रकातली सुट्टीची ओळ

अनघा, तारखा शाळेगणिक बदलतात, साचा एकच. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंगचा सण, तेव्हा साधारण आठवडाभर. डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत. मग मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे. या तिन्ही वेळा बहुतेक शाळांच्या वसतिगृहांना कुलूप लागतं. ऑक्टोबरच्या लाँग वीकेंडला काही उघडी ठेवतात, काही नाही. डिसेंबर आणि मार्चमध्ये मुंबईची फेरी होऊ शकते. घोळ होतो तो थँक्सगिव्हिंगला: सहा-सात दिवसांत येऊन-जाऊन हाती काही उरत नाही, वर तिकीट सणासुदीच्या भावाचं.

बंद म्हणजे काय ते मुंबईत नीट पोचत नाही. ठरलेल्या दिवशी ठरलेल्या तासाला खोली रिकामी. जेवणघर बंद, वसतिगृहात राहणारे शिक्षकही गेलेले. "मी एकटा राहीन, मॅगी करीन" चालत नाही.

आणि नुसतं "काकांकडे जातो" म्हणूनही भागत नाही. तीन मंजुऱ्या लागतात. पालकांची, यजमानाची (ज्याच्या घरी मूल राहणार त्याची), तीही त्याच्या स्वतःच्या इमेलवरून, आणि शेवटी वसतिगृहप्रमुखाची. यातली यजमानाची हमखास राहते, कारण पालक व्हॉट्सॲपवर बोलून मोकळे होतात आणि शाळेकडे त्याचा पत्ताच नसतो. फॉर्म काही आठवडे आधी भरायचा असतो, उशीर झाला की शाळा मुंबईला फोन लावते आणि तो रात्री दीडला येतो. यजमानाला वयाची अट असते, बऱ्याच ठिकाणी २५ वर्षं. त्यामुळे कॉलेजात शिकणारा मामेभाऊ बाद. यजमान रात्री घरी असायला हवा, किल्ली देऊन ठेवणं चालत नाही. न्यायला कोण येणार, कोणाच्या गाडीतून, तेही लिहून द्यावं लागतं.

तेव्हा "मंडळातर्फे" हा शब्द काढा. मंडळ ही संस्था, ती कोणाच्या घरी झोपायला येत नाही. शाळेला माणसाचं नाव लागतं.

मिलिंद

---

प्रेषक: शरदकाका
विषय: उत्तर: उत्तर: पत्रकातली सुट्टीची ओळ

मिलिंद, शब्द काढायला एक मिनिट लागतं. "मंडळातर्फे" असं वाचलं की पार्ल्या-दादरच्या आयांना धीर येतो, म्हणून तो घातला होता. यजमानांची यादी माझ्याकडे आहे आणि ती माझ्याकडेच राहू दे. गणपतीच्या वेळी ती कोणी कोणाला पाठवली ते सगळ्यांना ठाऊक आहे.

मूळ मुद्दा वेगळाच आहे. नववीतल्या मुलांना हे आताच सांगायची घाई कशाला? बोर्डाची दहावी होऊ दे, हातात निकाल असू दे, मग जा म्हणावं अकरावीला.

शरद

---

प्रेषक: वीणा (ठाणे)
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: पत्रकातली सुट्टीची ओळ

शरदकाका, क्षमा करा, पण अकरावीला जायचं म्हणजे उरलेल्या चार जागांच्या मागे धावायचं. या शाळांत सर्वात जास्त प्रवेश नववीला होतात, दहावीला कमी, अकरावीला अगदीच मोजके. शिवाय अर्ज बहुतेक ठिकाणी जानेवारीत संपतात, निकाल १० मार्चला, होकार कळवायची मुदत १० एप्रिल. दहावीच्या बोर्डाचा निकाल लागेपर्यंत ही सगळी गाडी निघून गेलेली असते. त्यांना हवे असतात आधीच्या वर्षांचे गुण आणि चालू वर्षाची पहिली सहामाही. बोर्डाचे ९४ टक्के त्या फायलीत बसतच नाहीत.

आणि अकरावीत गेलेल्या मुलाकडे बारावीच्या सुरुवातीला कॉलेजचे अर्ज भरताना तिथल्या शाळेचं एकच वर्ष दाखवायला असतं.

आता नववीत असलेल्या मुलाने या जानेवारीत अर्ज केला तर पुढच्या सप्टेंबरला तो दहावीत जाईल. किंवा नववी पुन्हा करेल. हे पत्रकात असू द्या, कारण "वर्ष वाया गेलं" म्हणून घरात रडारड होते. तिकडे ती सर्रास चालणारी गोष्ट आहे, जागाही नववीलाच जास्त. ॲंडोव्हर, एक्सेटरसारख्या शाळांत इयत्तांची नावंच वेगळी आहेत: ॲंडोव्हरला नववीला ज्युनियर म्हणतात, एक्सेटरला प्रेप, त्यापुढे दोन्हीकडे लोअर, अपर, सीनियर. मुलाखतीत नववीच्या जागेसाठी बोलताना "आय वाँट टू बी अ सीनियर" असं कोणी म्हणू नये एवढंच.

वीणा

---

प्रेषक: शरदकाका
विषय: उत्तर: उत्तर: उत्तर: उत्तर: पत्रकातली सुट्टीची ओळ

बरं. पण मग ती प्रवेशपरीक्षा? कोचिंगवाल्यांनी पार्ल्यात फलक लावलेत, "एसएसएटी हमखास".

शरद

---

प्रेषक: वीणा (ठाणे)

हमखास काही नसतं. वरच्या इयत्तांसाठीच्या एसएसएटीचे गुण १५०० ते २४०० च्या पट्ट्यात देतात, पण बघायचं असतं ते पर्सेंटाइल. ते त्याच इयत्तेत ही परीक्षा दिलेल्या मुलांच्या तुलनेत काढतात, म्हणजे मुळात निवडक मुलांच्या तुलनेत. शाळेत पहिला येणारा तिथे साठाच्या घरात दिसला की आईबाप हबकतात. चुकीच्या उत्तराला पाव गुण कापतात, कोरं सोडलं तर काही नाही. आपल्या मुलांना "एकही प्रश्न सोडू नको" हेच शिकवलेलं असतं. अवघड जातो तो समानार्थी शब्द आणि शब्दांमधल्या नात्यांचा भाग. गणित आपल्याकडच्यांना जड नाही. शेवटच्या निबंधाला गुण नाहीत, पण तो जसाच्या तसा शाळांकडे जातो, आणि अर्जातला निबंध वेगळ्याच माणसाने लिहिल्यासारखा वाटला की तिथेच कळतं. काही शाळांनी ही परीक्षा ऐच्छिकही केली आहे. फलक वाचण्याआधी त्या-त्या शाळेचं पान वाचावं.

वीणा

---

प्रेषक: अनघा (पार्ले)

मी लिहिलं होतं की बाकीचे मुद्दे उघडू नका.

---

प्रेषक: राजेंद्र (वूस्टर)
विषय: शिफारसपत्रं राहिली

अनघा, उघडलेच आहेत तर एक. तिसऱ्या मुद्द्यात "इंग्रजी आणि गणिताच्या शिक्षकांची शिफारसपत्रं घ्यावीत" असं आहे. घ्यावीत नाही! पालकांनी ती हातात घ्यायचीच नाहीत. शाळा शिक्षकांना थेट लिंक पाठवते, ते भरून थेट परत पाठवतात. मुंबईत होतं काय, सर लेटरहेडवर छान मजकूर लिहून शिक्का मारून पाकीट आईच्या हातात देतात, ती त्याचा फोटो काढून अपलोड करते. असं पत्र गोपनीय उरत नाही, त्याला काडीची किंमत राहत नाही. शिक्षकांना ऑक्टोबरमध्येच सांगा, दिवाळीच्या सुट्टीनंतर त्यांना सहामाहीचे पेपर तपासायचे असतात. शाळेचा अधिकृत इमेल असेल तर तोच द्यावा.

आणि प्रगतिपुस्तक मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर, शाळेच्या सही-शिक्क्यासह. मूळ प्रतही सोबत.

राजेंद्र

---

प्रेषक: मिलिंद (बोस्टन)

राजेंद्रचं बरोबर. पण मी चौथ्या मुद्द्यावर परत येतो. काही शाळा थँक्सगिव्हिंगला पैसे घेऊन एखादं वसतिगृह चालू ठेवतात किंवा सहल काढतात. अर्ज करण्याआधीच प्रवेश कार्यालयाला तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या तारखांना बंद? तेव्हा परदेशी मुलांसाठी काय? स्थानिक पालक (इथे राहून मुलाची जबाबदारी घेणारा माणूस) सक्तीचा आहे का? उत्तर गुळमुळीत आलं तर समजायचं की ते ओझं आपल्यावर येणार. नामांकित नाव बघून निर्णय घेणारे हे विचारत नाहीत आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या या मेल-यादीवर "तातडीने" म्हणून लिहितात.

डिसेंबरसाठीही एक गोष्ट. मुंबईला यायच्या आधी आय-ट्वेंटीच्या (विद्यार्थी व्हिसासाठी शाळा देते त्या कागदाच्या) दुसऱ्या पानावर शाळेच्या अधिकाऱ्याची प्रवासाची सही हवी. ती वर्षभर चालते. तो अधिकारी सुट्टीच्या आदल्या दिवशी भेटतोच असं नाही, थँक्सगिव्हिंगच्या आधीच घेऊन ठेवावी.

मिलिंद

---

प्रेषक: वीणा (ठाणे)
विषय: लसींची वही

मिलिंद, तू कागदाचं काढलंस म्हणून. प्रवेश झाला की आरोग्याचा फॉर्म येतो आणि जुलैत पळापळ होते. महापालिकेच्या दवाखान्यात लसी घेतलेल्या मुलांच्या वहीत एमआर असतं, म्हणजे गोवर-रुबेला. तिकडे एमएमआर मागतात, त्यात गालगुंडही आहे. खाजगीत घेतलं असेल तर नवव्या महिन्याचा डोस पहिल्या वाढदिवसाआधीचा म्हणून ते धरत नाहीत, त्यानंतरचे दोन दाखवावे लागतात. कांजिण्यांचे दोन डोस बहुतेकांचे राहिलेले. एमएमआर आणि कांजिण्यांची लस एका दिवशी घेतली नाही तर मध्ये किमान चार आठवडे जाऊ द्यावे लागतात, म्हणून मे महिन्यातच बालरोगतज्ज्ञांकडे वही नेली पाहिजे. क्षयाच्या चाचणीसाठी त्वचेवरची नको, रक्ताची करून घ्यावी. बीसीजीच्या लसीमुळे त्वचेवरची उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते आणि मग क्ष-किरण मागतात.

औषधं शाळेच्या आरोग्य केंद्रात जमा होतात. खोलीत आजीचं चूर्ण सापडलं तर प्रश्न विचारतात, डबीवर इंग्रजीत काही नसतं ना.

वीणा

---

प्रेषक: शरदकाका

आजीचं चूर्ण ठीक आहे, मेतकुटाचं काय?

---

प्रेषक: वीणा (ठाणे)

बंद पाकिटात, लेबलासकट. खोलीत स्वयंपाक करू देत नाहीत, पण दह्यात कालवायला कोण अडवतंय.

---

प्रेषक: राजेंद्र (वूस्टर)

मेतकूट बाजूला ठेवा. पैशाचा मुद्दा पत्रकात अर्धाच आहे. करार सही केला की पूर्ण वर्षाची फी बांधली जाते. मूल ऑक्टोबरमध्ये "मला करमत नाही" म्हणून परत आलं तरी उरलेल्या वर्षाची फी सहसा माफ होत नाही. त्यासाठी फी-विमा मिळतो, कोणत्या कारणाला किती टक्के देतात ते सहीआधी वाचावं. वर आरोग्यविमा, विमानं, थंडीचे कपडे. कपडे मुंबईतून आणू नयेत, तिथल्या जॅकेटला इकडची जानेवारी ऐकत नाही.

आणि मधेच परत आलेल्या मुलाला मुंबईत बसायला वर्ग शोधावा लागतो. अकरावीची ऑनलाइन फेरी तोवर कधीच आटोपलेली असते.

राजेंद्र

---

प्रेषक: अनघा (पार्ले)
गुरुवार, रात्री ११.१५ (मुंबई)

चौथा मुद्दा असा जातोय:

"वसतिगृह वर्षातून साधारण तीन वेळा पूर्ण बंद असते. अर्ज करण्याआधी शाळेकडून बंदच्या तारखा आणि परदेशी विद्यार्थ्यांसाठीची व्यवस्था लेखी मागवा. थँक्सगिव्हिंगसाठी २५ वर्षांवरील एका व्यक्तीचे नाव ठरवा. त्या व्यक्तीने शाळेला स्वतः कळवणे आवश्यक. मंडळाचे काही सभासद वैयक्तिक जबाबदारीवर यजमान होऊ शकतात. विचारणा ३० सप्टेंबरपर्यंत."

शिफारसपत्रांची ओळ राजेंद्रच्या म्हणण्याप्रमाणे बदलली. लसींचं वेगळं पान मागच्या बाजूला, वीणाताई तपासतील. फी-विमा पाचव्यात घातला.

शरदकाका, विचारणा कोणाकडे?

---

प्रेषक: शरदकाका

माझ्याकडे. पण "२५ वर्षांवरील" असं लिहिलंस तर २५ पूर्ण झालेला बसतो की नाही?

---

प्रेषक: मिलिंद (बोस्टन)

बसतो. "२५ वर्षे पूर्ण" करा. आणि काका, यादीतली दोन घरं गेल्या वर्षी टेक्सासला गेली आहेत.

---

प्रेषक: शरदकाका

ती मी खोडली आहेत.