हर्पिससाठी झँक स्मीअर आता बंद करावा का?

रिअलटाइम
माझं मत सरळ आहे: फोडाचा तळ खरवडून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा हा स्मीअर बंद करावा. कोविडनंतर नागपुरात बऱ्याच लॅबकडे रिअल टाइम पीसीआर (विषाणूचा डीएनए शोधणारी) यंत्रं आली. त्याच यंत्रावर हर्पिसचा किट दोन-अडीच तासांत चालतो आणि हर्पिसचे दोन विषाणू एचएसव्ही-१, एचएसव्ही-२, शिवाय नागिणीचा व्हीझेडव्ही हे तिन्ही वेगळे सांगतो. स्मीअरला हा फरक करताच येत नाही. जननेंद्रियावरच्या फोडांत तो फरक महत्त्वाचा, कारण एचएसव्ही-२ कितीतरी जास्त वेळा उलटतो.

गिम्सा
दोन-अडीच तास हे यंत्राचं वेळापत्रक, रिपोर्टचं नाही. आठवड्याला दोन-तीनच नमुने येत असतील तर एका नमुन्यासाठी कंट्रोलसकट (पडताळणीच्या नमुन्यांसकट) रन कोण लावणार? बॅच भरेपर्यंत थांबतात, रिपोर्ट तिसऱ्या दिवशी. नागिणीत औषध पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. स्लाइड पाऊण तासात हातात येते.

फक्त नीट करायला हवी. फोड ताजा, पाणी भरलेला, शक्यतो ४८ तासांच्या आतला. १५ नंबरच्या ब्लेडने कडेकडेने छत उघडा, पाणी टिपा, मग तळ हलक्या हाताने खरवडा. भळकन रक्त आलं म्हणजे खोल गेलात, पेशी रक्तात हरवतात. पातळ पसरवा, हवेत सुकवा, मिथेनॉल ५ मिनिटं, १:१० गिम्सा रंग १५ ते २० मिनिटं. गिम्सा बफरमध्येच पातळ करा. बोअरच्या जड पाण्यात केला तर सगळं निळंच दिसतं. पॉझिटिव्ह स्लाइडमध्ये एकाच मोठ्या पेशीत डाळिंबाच्या दाण्यांसारखी एकमेकांना दाबून बसलेली केंद्रकं दिसतात, आतला भाग घासलेल्या काचेसारखा धूसर.

रिअलटाइम
आणि खपली धरली असेल तर? तिथे स्मीअर निगेटिव्ह आला तरी हर्पिस नाही असं म्हणता येत नाही. पीसीआरला खपलीतूनही डीएनए मिळतो.

त्वचा_ओपीडी
मान्य. पण स्मीअर फक्त हर्पिससाठी नसतो हो. पेम्फिगसमध्ये, म्हणजे फोड येणाऱ्या एका वेगळ्या त्वचारोगात, सुट्या, गोल, एकाच केंद्रकाच्या पेशी दिसतात, केंद्रकाभोवती फिकट कडं. हर्पिसचा पीसीआर निगेटिव्ह आला तर पुढे काय, हे तो सांगत नाही.

वॉर्ड_मेडिसिन
तुमचं सगळं फोडांपुरतं झालं. मेंदूज्वरात स्मीअरचा प्रश्नच नाही, पाठीच्या पाण्याचा पीसीआर हवा. तोही पहिल्या ७२ तासांत खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. लक्षणं किंवा एमआरआयमधला टेम्पोरल लोब (मेंदूचा कानशिलाकडचा भाग) हर्पिसकडे बोट दाखवत असेल तर ३ ते ७ दिवसांनी पाणी पुन्हा काढा आणि तोवर असायक्लोव्हिर (हर्पिसचं औषध) थांबवू नका. मोठ्यांना १० मिग्रॅ प्रति किलो, दर ८ तासांनी शिरेतून, किडनी पाहून. हे रिपोर्टची वाट न पाहता सुरू करायचं. हर्पिसचा मेंदूज्वर नजरेतून सुटला तर माणूस जातो.

नमुना_कक्ष
पीसीआरचा घोळ बहुतेक वेळा यंत्राआधीच झालेला असतो. कॅल्शियम अल्जिनेटचा किंवा लाकडी काडीचा स्वॅब पाठवू नका, अभिक्रिया अडते. फ्लॉक्ड किंवा पॉलिएस्टर स्वॅब, व्हीटीएममध्ये (विषाणू टिकवणाऱ्या द्रवात), २ ते ८ अंशांत, ७२ तासांच्या आत. गडचिरोली-भंडाऱ्याहून मे महिन्यात निघालेल्या डब्यात बर्फ नसेल तर विषाणू मरतो. पीसीआरला तो जिवंत लागत नाही हे खरं, पण कल्चर (विषाणू वाढवून पाहणं) गेलंच आणि डीएनएही झिजत जातो. रक्ताळलेल्या नमुन्यात इंटर्नल कंट्रोल (अभिक्रिया नीट चालली हे दाखवणारा संकेत) उठला नसेल तर निगेटिव्ह लिहू नका, ‘अवैध’ लिहा आणि नमुना पुन्हा मागवा.

गिम्सा
बंद करायचंच असेल तर गरोदरपणातल्या संसर्गांच्या टॉर्च पॅनेलमधलं एचएसव्ही आयजीएम (रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी) बंद करा. जुनं दुखणं उलटलं तरी ते पॉझिटिव्ह येतं, व्हीझेडव्हीशीही गल्लत होते. गरोदर बाईला त्या एका रिपोर्टवर घाबरवतात, हे थांबायलाच हवं.

रिअलटाइम
आयजीएमवर वाद नाही. एकाच फोडातून दोन्ही घेता येतील हेही मानतो: छत उघडलं की आधी तळावर स्वॅब फिरवा, मग ब्लेड लावा. पण रात्री आठला ती स्लाइड वाचणार कोण? शिकाऊ डोळ्याला एकमेकांवर चढलेल्या साध्या पेशीही बहुकेंद्रकी वाटतात.

त्वचा_ओपीडी
म्हणूनच रात्रीची स्लाइड मिथेनॉलमध्ये फिक्स करून ठेवायची, सकाळी जाणत्याने वाचायची. संशय पक्का असेल तर गोळी रात्रीच सुरू करा.